गल्ला आणि खातेवही : व्हिडिओ गेमच्या दुकानांमधली लढाई

संगणकावर खेळायच्या व्हिडिओ गेमचा जगभरचा बाजार गेली वीस वर्षे प्रामुख्याने एकाच दुकानातून चालतो. स्टीम हे त्याचे नाव. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहरातली व्हॉल्व्ह ही खासगी कंपनी ते चालवते. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये ही कंपनी काढली. १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम सुरू झाले तेव्हा ते दुकान नव्हतेच. कंपनीच्या स्वतःच्या गेममधल्या दुरुस्त्या घरोघरच्या संगणकांपर्यंत पोचवायच्या आणि लबाडी करून खेळणाऱ्यांना पकडायचे, एवढेच त्याचे काम. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला आणि चित्र पालटले. पैसे मोजून डबा घरी आणला तरी स्टीमवर खाते उघडल्याशिवाय हा गेम सुरू होत नसे. लोक वैतागले, पण खाती उघडून मोकळे झाले. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने इतरांचे गेम विकायला घेतले. म्हणजे आधी खाते आले आणि दुकान त्यामागून. या धंद्यातली पुढची बहुतेक भांडणे या क्रमातूनच निघालेली आहेत.

विक्रीच्या दर शंभर रुपयांतले तीस स्टीम स्वतःकडे ठेवते. सुरुवातीला हा वाटा कोणाला जड वाटला नाही. डबाबंद विक्रीत छपाई, वाहतूक, घाऊक व्यापारी आणि दुकानदार यांचे भागवून गेम बनवणाऱ्याच्या हाती पडे ते फार थोडे. त्या मानाने सत्तर टक्के म्हणजे चैनच होती. पुढे साठवण स्वस्त झाली, इंटरनेट वेगवान झाले, ग्राहक कोटींच्या घरात गेले. वाटा मात्र बहुतेकांसाठी तसाच राहिला. अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले, की २०२१ मध्ये व्हॉल्व्हमध्ये ३३६ माणसे कामाला होती आणि त्यांपैकी केवळ ७९ स्टीमचे काम पाहत होती. संगणकावरच्या गेमच्या सर्वांत मोठ्या दुकानाचा कारभार एवढ्या थोड्या माणसांत चालतो, हे वाचून गेम बनवणाऱ्यांना वाट्याचा प्रश्न पडला नसता तरच नवल.

व्हॉल्व्हची बाजूही पोकळ नाही. तीस टक्क्यांत गेम कितीही वेळा उतरवून घेण्याची सोय, खेळ जिथे सोडला तिथपासून पुढे नेणारी साठवण, परीक्षणे, चर्चेची जागा, मित्रांशी जोडणी हे सगळे येते. शिवाय निर्मात्याला स्टीमच्या चाव्या, म्हणजे गेम खुला करणारे सांकेतिक क्रमांक, फुकट मिळतात. त्या त्याने दुसरीकडे विकल्या तर स्टीम त्यावर वाटा घेत नाही.

ग्राहक दुकान सोडत नाही याचे कारण मात्र या सोयींपेक्षा खोल आहे. दहा वर्षांत घेतलेले दोनशे गेम, त्यांत घालवलेल्या तासांची नोंद, मिळवलेली पदके आणि जोडलेले मित्र हे सगळे एका खात्यात अडकलेले असते आणि ते उचलून दुसऱ्या दुकानात नेता येत नाही. करारानुसार खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि विकताही येत नाही, कारण ग्राहकाने गेम घेतलेला नसतो, गेम वापरण्याचा परवाना घेतलेला असतो. फ्रान्समध्ये ‘यूएफसी-क्यू शुआझिर’ या ग्राहक संघटनेने याला आव्हान दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने फेरविक्रीचा हक्क मान्य केला, ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलात तो गेला. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून एवढे तरी बंधन घातले, की अशा व्यवहारात ग्राहकाला परवानाच मिळतो आहे हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. स्टीमने त्याआधीच पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली.

अशा दुकानाशी स्पर्धा करायची तर नुसता स्वस्त माल पुरत नाही, ग्राहकाची वहीही मिळवावी लागते: त्याच्याकडे कोणते गेम आहेत, तो काय किती खेळतो, त्याचे मित्र कोण. म्हणून या बाजारात स्पर्धेचा प्रश्न आणि खासगीपणाचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीप्रमाणे एकाची ढाल करून दुसऱ्यावर चाल करते.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०११ मध्ये स्वतःचे ‘ओरिजिन’ दुकान काढले आणि नवे गेम स्टीमपासून दूर ठेवले. त्याच्या परवाना-कराराने कंपनीला ग्राहकाच्या संगणकाविषयी आणि त्यावरच्या सॉफ्टवेअरविषयी बरीच माहिती गोळा करण्याची मुभा दिली होती. ‘बॅटलफील्ड ३’ खेळायचा तर ओरिजिन घ्यावेच लागे. जर्मनीत यावरून गदारोळ झाला. आम्ही हेरगिरी करत नाही, असे म्हणत कंपनीने कराराची भाषा बदलली. २०१४ मध्ये पाळी खुद्द व्हॉल्व्हची होती. लबाडी पकडणारी तिची यंत्रणा खेळाडूच्या संगणकातली डीएनएस नोंद, म्हणजे त्याने कोणकोणत्या पत्त्यांना भेट दिली याची तात्पुरती यादी, चाळते असे उघड झाले. न्यूवेल यांनी स्वतः खुलासा केला. लबाडीची सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचेही परवाना-सर्व्हर असतात, त्यांचे पत्ते त्या यादीत शोधले जातात, तेही आधीच संशय असलेल्या संगणकांवरच. यातून ५७० लबाड सापडले, असे त्यांनी सांगितले. खुलासा बहुतेकांना पटला. ओरिजिनला न मिळालेली सवलत व्हॉल्व्हला मिळाली ती मुख्यतः मालकावर लोकांचा लोभ होता म्हणून.

पाळत दुकानाचीच असते असेही नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात ‘रेड शेल’ नावाचा कोडचा एक तुकडा ‘सिव्हिलायझेशन ६’सह अनेक गेममध्ये आढळला. जाहिरातीवर टिचकी मारणारा संगणक आणि पुढे गेम चालवणारा संगणक एकच आहे का, हे तो खुणा जुळवून ताडत असे. ग्राहकांना त्याची कल्पना नव्हती. बोंब झाल्यावर अनेक निर्मात्यांनी तो काढून टाकला.

या सगळ्यात बोलके प्रकरण म्हणजे स्टीमस्पाय. सर्गेय गाल्योनकिन यांनी २०१५ मध्ये ते सुरू केले. स्टीमवर प्रत्येक खात्याची गेमची यादी तेव्हा आपोआप सार्वजनिक असे. गाल्योनकिन यांचा कार्यक्रम रोज यादृच्छिकपणे खाती निवडून त्या याद्या वाचत असे आणि मतदानपूर्व चाचणीसारखा हिशेब करून कोणता गेम किती लोकांकडे आहे याचा अंदाज मांडत असे. विक्रीचे खरे आकडे व्हॉल्व्ह कोणाला दाखवत नसल्याने लहान स्टुडिओंना हा मोठा आधार होता. आपल्या धाटणीचा गेम किती खपतो, किंमत काय ठेवावी, मुळात हात घालावा की नाही हे त्यावरून ठरे. १० एप्रिल २०१८ रोजी व्हॉल्व्हने खासगीपणाची मांडणी बदलली. ग्राहकाने मुद्दाम उघडी केली नाही, तर त्याची गेमची यादी आता झाकलेली राहणार होती. युरोपातला माहिती-संरक्षणाचा नवा कायदा, जीडीपीआर, महिन्या-दीड महिन्यात लागू होणार होता. कारण रास्त होते. पण त्या एका बदलाने स्टीमस्पायचा पायाच निखळला. पुढे ते दुसऱ्या पद्धतीने चालू झाले, जुनी अचूकता मात्र परत आली नाही.

त्या वेळी गाल्योनकिन एपिक गेम्स या कंपनीत नोकरीला होते, आणि आठ महिन्यांनी एपिकने स्वतःचे दुकान उघडले. व्हॉल्व्हने डोळ्यांसमोर स्पर्धक ठेवून हा बदल केला असे म्हणायला पुरावा नाही. पण ग्राहकाची वही झाकली गेली आणि स्पर्धकांच्या हातचा नकाशाही त्याच दिवशी गेला. वही व्हॉल्व्हला मात्र आधीइतकीच दिसत राहिली.

एपिकचे टिम स्वीनी यांनी १९९१ मध्ये मेरीलँडमध्ये घरूनच कंपनी सुरू केली. आता ती नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी येथे आहे. ‘अनरियल’ हे तिचे गेम बनवण्याचे इंजिन जगभर वापरले जाते. २०१२ मध्ये चीनच्या टेन्सेंटने तिचा सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला, तरी नियंत्रण स्वीनींकडे राहिले. २०१७ मध्ये आलेल्या ‘फोर्टनाइट’ने कंपनीकडे पैशांचा पूर लोटला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोट्यवधी संगणकांवर एपिकचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा कार्यक्रम, आधीच बसलेला होता. डिसेंबर २०१८ मध्ये दुकान जाहीर करताना वाटा ठेवला १२ टक्के. अनरियल वापरून केलेल्या गेमवरची ५ टक्के रॉयल्टीही या दुकानातल्या विक्रीपुरती माफ. चाहूल लागल्यासारखे व्हॉल्व्हने काही दिवस आधी आपले दर बदलले होते: १ कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के. म्हणजे सवलत बड्यांना, तीस टक्के लहानांना. स्पर्धेचा पहिला लाभ कोणाला झाला ते यावरून दिसते.

ग्राहकाला १२ टक्क्यांशी देणेघेणे नव्हते. त्याला जाणवले ते वेगळेच. ‘मेट्रो एक्सोडस’ हा गेम स्टीमवर आगाऊ नोंदवून विकला जात असताना, बाजारात यायला तीन आठवडेही उरलेले नसताना, जानेवारी २०१९ मध्ये तो फक्त एपिकवर मिळेल असे जाहीर झाले. आधी पैसे भरलेल्यांना तो स्टीमवर मिळाला आणि अमेरिकेत किंमतही दहा डॉलरने उतरली, पण राग शमला नाही. जुन्या ‘मेट्रो’ गेमवर वाईट परीक्षणांचा भडिमार झाला. असा भडिमार गुणांच्या हिशेबातून वगळण्याची सोय स्टीमला करावी लागली. असा भडिमार गुणांच्या हिशेबातून वगळण्याची सोय स्टीमला करावी लागली. ‘कंट्रोल’ या एका गेमच्या एकाधिकारासाठी एपिकने सुमारे एक कोटी पाच लाख डॉलर मोजल्याचे प्रकाशकाच्या हिशेबांवरून दिसले.

त्याच काळात, मार्च २०१९ मध्ये, एका फाइलीवरून वाद पेटला. स्टीम ज्या संगणकावर असते तिथे प्रत्येक खात्याच्या क्रमांकाचा एक फोल्डर असतो आणि त्यात ‘लोकलकॉन्फिग डॉट व्हीडीएफ’ नावाची साधी मजकूर-फाइल. कोणत्याही संपादकात ती उघडून वाचता येते. मित्रांची नावे, कोणता गेम शेवटचा कधी खेळला, किती वेळ खेळला अशा नोंदी तीत असतात. एपिकचा लाँचर ही फाइल न विचारता वाचतो आणि तिची कुलूपबंद प्रत आपल्या फोल्डरात ठेवतो, असे खेळाडूंनी शोधून काढले. एपिकने ते नाकारले नाही. प्रत संगणकावरच राहते, ग्राहकाने स्टीमवरचे मित्र आणण्याचा पर्याय निवडला तरच मित्रांचे क्रमांक, तेही सांकेतिक रूपात, कंपनीकडे जातात, असा खुलासा आला. विचारण्याआधी फाइलीला हात लावायला नको होता, हे स्वीनी यांनी कबूल केले. फोर्टनाइटच्या सुरुवातीच्या घाईत आपणच हे काम उरकायला लावले, असेही सांगितले. व्हॉल्व्हने ही माहिती ग्राहकाची खासगी असून इतर कार्यक्रमांनी वापरण्यासाठी नाही, असे बजावले.

व्हॉल्व्हने इतरांसाठी ठेवलेल्या अधिकृत मार्गाने ही माहिती का घेतली नाही, याचे स्वीनींचे उत्तर ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परक्या कंपन्यांचे कोड आपल्या लाँचरमध्ये शक्यतो घ्यायचे नाही, कारण त्यात सुरक्षेचे आणि खासगीपणाचे धोके असतात! आपल्या खासगीपणाच्या धोरणासाठी दुसऱ्याची खासगी फाइल उघडण्याचा हा प्रकार. दुसरीकडे, मित्रांची यादी मुळात ग्राहकाची असेल तर ती त्याने नव्या दुकानात न्यायला हरकत काय, हा एपिकच्या बाजूचा प्रश्नही खोटा नाही. ग्राहकाच्या संमतीने, उघड आणि ठरलेल्या मार्गाने यादी हलवता आली असती तर चोरवाटेची गरज उरली नसती. एपिक ही माहिती चीनला पुरवते असा प्रवाद तेव्हा जोरात होता. त्याला पुरावा कधीच मिळाला नाही. स्टीमवरची निष्ठा आणि चीनचा संशय यांचे ते मिश्रण होते. टेन्सेंटविषयी सरकारी आक्षेप आला तो वेगळ्या वाटेने, स्पर्धेच्या कायद्यातून. ‘रायट गेम्स’ ही स्पर्धक कंपनीही टेन्सेंटचीच असल्याने एपिकच्या संचालक मंडळावर टेन्सेंटची माणसे असणे योग्य नाही, असे अमेरिकेच्या न्याय खात्याचे म्हणणे होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्या दोन संचालकांनी पद सोडल्याचे खात्याने जाहीर केले.

खासगीपणाच्या बाबतीत एपिकवर सर्वांत मोठा ठपका आला तो फाइलीवरून नव्हे, मुलांवरून. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने ५२ कोटी डॉलर मान्य केले. त्यातले साडेसत्तावीस कोटी तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याबद्दल. अनोळखी माणसांशी आवाजी आणि लेखी संभाषण फोर्टनाइटमध्ये आपोआप चालू असे, हाही आरोप त्यातच. उरलेले साडेचोवीस कोटी, फसव्या मांडणीच्या बटणांमुळे नकळत खरेदी झालेल्या ग्राहकांना परत द्यायचे होते.

नव्या ग्राहकाची किंमत किती, हेही याच कंपनीच्या कागदांतून कळले. ॲपलविरुद्धच्या तिच्या खटल्यात २०२१ मध्ये हिशेब उघडे पडले. दुकानाच्या पहिल्या नऊ महिन्यांत फुकट वाटलेल्या गेमसाठी एपिकने निर्मात्यांना सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर दिले आणि जवळजवळ ५० लाख नवी खाती मिळवली. ‘सबनॉटिका’साठी दिले १४ लाख. भागाकार केला तर एका खात्याला अडीच डॉलरहूनही कमी पडले. फुकटचा गेम ही खाते विकत घेण्याची स्वस्तातली रीत होती. या खात्यांतून पुढे खरेदी किती झाली तो हिशेब एवढा रुबाबदार नाही. २०२४ मध्ये एपिकच्या दुकानात ग्राहकांनी सुमारे १०९ कोटी डॉलर खर्चले, पण इतर कंपन्यांच्या गेमवर त्यातले फक्त साडेपंचवीस कोटी, आणि तेही आदल्या वर्षीपेक्षा कमी. स्टीमवर २०२५ मध्ये एकाच वेळी हजर असलेल्यांचा उच्चांक चार कोटींपलीकडे गेला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स २०१९ मध्ये स्टीमवर परतली. युबिसॉफ्टने त्याच वर्षी स्टीमकडे पाठ फिरवली होती, तीही २०२२ च्या अखेरीस परत आली. एपिकच्या दुकानात एकाहून अधिक गेम घालायची टोपली यायला डिसेंबर २०२१ उजाडला, हेही विसरून चालणार नाही. निर्मात्यांना रिझवताना ग्राहकाकडे दुर्लक्ष झाले.

बारा टक्क्यांच्या दुकानात गेम स्वस्त का नाही, याचे उत्तर सिएटलच्या न्यायालयात शोधले जात आहे. वुल्फायर गेम्सने एप्रिल २०२१ मध्ये व्हॉल्व्हवर दावा लावला. दुसऱ्या दुकानात, स्टीमची चावी न वापरताही, गेम कमी किमतीला विकला तर तो स्टीमवरून काढण्याचा दम दिला जातो, असा तिचा आरोप आहे. व्हॉल्व्हला तो मान्य नाही. दावा एकदा फेटाळला गेला, सुधारून पुन्हा उभा राहिला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो सामूहिक दावा म्हणून मान्य केला. २८ जानेवारी २०१७ नंतर व्हॉल्व्हला वाटा देणारे निर्माते आता त्यात येतात. आरोप खरा ठरला तर कमी वाट्याचे दुकान काढून किंमत उतरवण्याचा रस्ता आजवर बंदच होता असे म्हणावे लागेल. प्रकाशकांनी वाचलेले पैसे खिशात घातले, ही शक्यताही उरतेच.

युरोपात वेगळा प्रश्न निघाला. पोलंड, हंगेरी, रोमानियासारख्या देशांत स्वस्तात विकलेल्या चाव्या इतर देशांत चालू नयेत म्हणून कुलूप घातले जाई. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. त्यात व्हॉल्व्हचे १६ लाखांहून अधिक होते. २०२३ मध्ये न्यायालयाने व्हॉल्व्हवरचा दंड कायम ठेवला.

भारतातल्या ग्राहकाचा स्वार्थ मात्र याच कुलपात आहे. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किमती दिसू लागल्या, आणि अनेक गेम इथे अमेरिकेपेक्षा स्वस्त मिळतात. हा भाव टिकायचा तर न्यूयॉर्कच्या माणसाला पुण्याच्या भावाने घेता येता कामा नये. म्हणून दुकान ग्राहक कुठला आहे ते पाहते, देश बदलायचा तर त्या देशातले पैसे भरण्याचे साधन मागते आणि असा बदल तीन महिन्यांतून एकदाच करू देते. स्वस्त किमतीची ही किंमत ठावठिकाण्याच्या माहितीत चुकती होते. निर्मात्यांचे गणित वेगळे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. अशा लहान स्टुडिओला एक कोटी डॉलरच्या पुढची सवलत काय कामाची? त्याच्यासाठी तीस टक्के म्हणजे तीसच.

भारतीय स्पर्धा आयोगाने ॲप-दुकानांकडे लक्ष दिले ते मोबाइलवर. गूगल प्लेच्या पैसे भरण्याच्या सक्तीबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६ कोटींचा दंड झाला. अपिलात तो २१७ कोटींच्या आसपास आला. खासगीपणाच्या बाजूने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दुकानांवरची मुख्य बंधने त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. अमेरिकेत मूल म्हणजे तेरा वर्षांखालचे. आपल्या कायद्यात अठराखालचे प्रत्येक जण मूल आहे, त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, आणि त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला बंदी असेल. स्टीमवर तेराव्या वर्षी खाते उघडता येते. वयाची अट असलेल्या गेमच्या पानावर जन्मतारीख विचारली जाते आणि खरी असो वा खोटी, पुरेशी जुनी तारीख टाकली की दार उघडते. नव्या नियमांखाली ही पद्धत पडताळणी म्हणून टिकण्यासारखी नाही.